उन्हाची भीति नको, जाण हवी

मार्च महिना लागला कीं मैदानावरील मुलींची संख्या रोडावूं लागते. कारण विचारतां उत्तर मिळतें, “आई म्हणते, काळी पडशील.” मुलगे मात्र भर दुपारीं उघड्या डोक्यानें खेळतात व तोंडास मलम लावणें कमीपणाचें मानतात. आमच्या मतें या दोन्ही समजुती एकाच अज्ञानांतून उपजल्या आहेत.

सनस्क्रीन हें गोरें होण्याचें साधन नव्हे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांपासून त्वचेचें रक्षण करणें, एवढेंच त्याचें काम. ‘बी’ किरणांनीं कातडी भाजते; ‘ए’ किरण अधिक खोल जाऊन वांग व अकालीं सुरकुत्या आणितात, आणि खिडकीच्या काचेंतूनही आंत येतात. सांवळ्या कातडींतील मेलॅनिन हें निसर्गदत्त कवच खरें, परंतु तें अपुरें आहे. शिवाय डाग अशा कातडीवर फार दिवस टिकतात.

नळीवरील एसपीएफचा आंकडा मुख्यतः ‘बी’ किरणांसंबंधीं असतो. १५ अंकाचें मलम सुमारें ९३ टक्के, ३० अंकाचें ९७ व ५० अंकाचें ९८ टक्के किरण अडवितें. तेव्हां केवळ मोठ्या आंकड्यास भुलूं नये. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’पुढील अधिकचिन्हें पाहावीं, ‘ए’ किरणांची तजवीज त्यांवरून कळते.

तेलकट व मुरुमांच्या चेहऱ्यास जेलसारखें हलकें मलम मानवतें, कोरड्या कातडीस स्निग्ध क्रीम. जिला चटकन् खाज सुटते तिला झिंक ऑक्साइडचें, सुगंधरहित असें. झिंकचा पांढरा थर सांवळ्या चेहऱ्यावर विशोभित दिसतो, म्हणून रंगछटा असलेलें घ्यावें. पोहणाऱ्यांनीं व घाम गाळणाऱ्या खेळाडूंनीं पाण्यांत टिकणारें निवडावें. चेहरा व मान मिळून लहान चमचाभर मलम लागतें. तें बाहेर पडण्यापूर्वीं पंधरा मिनिटें लावावें, व उन्हांत असेपर्यंत दर दोन तासांनीं, तसेंच पोहून आल्यावर वा घाम पुसल्यावर, पुन्हां लावावें. सकाळीं बोटभर लावून दिवसभर निर्धास्त राहणें म्हणजे फाटकी छत्री घेऊन पावसांत जाणें होय.

कांहीं पालक म्हणतील, हा खर्च आम्हांस कसा झेपावा? प्रश्न रास्त आहे. शेतांत राबणारी आई डोक्यावरून पदर घेते, बाप मुंडासें बांधितो. हें शहाणपण कोणत्याही नळीहून जुनें व स्वस्त आहे. सावली, टोपी व लांब बाह्या यांचा मान पहिला. जो भाग त्यांनीं झांकत नाहीं त्याकरितां मलम. शाळांनींही आपला वांटा उचलावा. सकाळीं दहा ते दुपारीं चार हा प्रखर उन्हाचा काळ टाळून सामने भरवावे, व टोपी गणवेशांत सामील करावी.

मुलींनो, रंगाच्या भयानें मैदान सोडूं नका. मुलांनो, काळजी घेणें हा भित्रेपणा नव्हे. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलीच्या हातीं ती नळी देतांना “काळी पडशील” असें म्हणूं नका. “खुशाल खेळून ये” असें म्हणा.