बोलकी चूक आणि मुकी चूक



आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज पतसंस्थेत, कारखान्याच्या कचेरीत, खाजगी कंपनीत संगणकावर काम करतात. रुजू झाल्यावर त्यांच्या हाती बहुधा दुसऱ्याच कोणी लिहून ठेवलेल्या आज्ञावल्या येतात. कशात व्याजाची आकारणी, कशात सभासदांची यादी. यातल्या काही पायथॉन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत असतात आणि "तिसऱ्या आवृत्तीत आणा" असा साहेबांचा हुकूम सुटतो. त्या कामाविषयी आज चार शब्द.

हुकूम योग्यच आहे. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. दुसरीची मुदत आधी २०१५ होती, ती वाढवून १ जानेवारी २०२० केली गेली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ हे तिचे शेवटचे प्रकाशन निघाले. तेव्हापासून मूळ चालकांकडून तिला सुरक्षेची डागडुजीही मिळत नाही.

आता चुका दोन प्रकारच्या होतात. एक बोलकी, दुसरी मुकी. जुन्यात 'प्रिंट'ला कंस लागत नव्हता, नव्यात लागतो. कंस नसेल तर काम तिथेच थांबते आणि ओळ क्रमांकासह कारण पडद्यावर येते. ही बोलकी चूक. तिला घाबरू नये. अशा बहुतेक चुका 'टू टू थ्री' नावाचे अवजार आपोआप दुरुस्त करते. मात्र ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतून ते काढून टाकले आहे. म्हणून ३.१२ किंवा तिच्या आधीची एखादी आवृत्ती हाताशी ठेवावी.

खरा धोका मुक्या चुकीचा. ठेव १२५० रुपये, व्याज शेकडा ९. दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर गुणून १०० ने भागल्यावर जुनी आवृत्ती ११२ म्हणते, नवी ११२.५ म्हणते. कुठेही तक्रार नाही, काम सुरळीत चालल्यासारखे दिसते. अवजारही ही भागाकाराची खूण जशीच्या तशी सोडून देते, कारण आकडे कोणते येणार हे त्याला कळत नाही. पूर्णांकच हवा असेल, जसे २५० नावांचे ४० प्रमाणे पूर्ण भरलेले कागद किती, तिथे नव्यात // अशी दुहेरी तिरपी रेघ द्यावी.

आणखी एक मेख आहे. तेच ११२.५ जवळच्या रुपयात आणायला 'राउंड' वापरले, तर जुनी ११३ देते आणि नवी ११२. बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा नवी आवृत्ती सम संख्येकडे झुकवते. म्हणजे भागाकार सुधारला आणि सभासदाचे पन्नास पैसे पुन्हा गेलेच! पैशांसाठी 'डेसिमल' वापरून अर्धा वर न्यायचा की खाली, हे आपणच स्पष्ट लिहावे.

नावांचेही तसेच. 'रमा' या नावाची लांबी यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या जुन्या साध्या मजकुरात ९ भरते, नव्यात ३. रकान्यासाठी नाव २० वर कापले तर जुन्यात सातवे अक्षर मधोमध तुटते. नव्यात तसे होत नाही, पण रकान्याची रुंदी बदलते. विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ असे लिहून द्यावे, नाहीतर माणसाच्या नावाचा कचरा होतो.

यावर उपाय हिशेबनीसाचाच. मूळ फाइलींची प्रत काढून बाजूला ठेवावी. मागच्या एका महिन्याची माहिती जुन्या-नव्या दोन्हींना द्यावी आणि उत्तरे ओळीला ओळ लावून ताडावीत. नुसती बेरीज पाहू नये. एका खात्यात रुपया जास्त आणि दुसऱ्यात रुपया कमी पडला, तरी तेरीज जुळते, हे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो आणि नोकरीत रोज पाहतो.

आणि फरक निघाला तर? नवे जुन्यासारखे करून टाकण्याची घाई नको. वरच्या उदाहरणात जुनेच सभासदाचे पन्नास पैसे गिळत होते. ते पैसे कोणाचे, हे ना जुनी आवृत्ती ठरवील ना नवी. ते संस्थेचा लेखी नियम ठरवील. तेव्हा आमचे तरुणांना सांगणे आहे की, निघालेला प्रत्येक फरक कागदावर मांडा, साहेबांपुढे ठेवा आणि निर्णय लेखी घ्या. संगणकाने केले, हे उत्तर पासबुक घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या बाईला पुरत नाही.