भाकरी अजून सूनच थापते

कोपराच्या फ्रॅक्चरनंतर तीन महिन्यांनी येणाऱ्या पेशंटचा केसपेपर आपल्यापैकी बहुतेकांकडे सारखाच भरलेला असतो : हाड जुळले, हालचाल 30 ते 125 अंश, समाधानकारक. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंश पुरतात, हे मॉरी आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मोजून दाखवले आणि तो आकडा आपल्या डोक्यात पक्का बसला. गोनिओमीटर खिशात गेल्यावर, दारापाशी पोचलेल्या बाई म्हणतात, "डॉक्टर, भाकरी अजून सूनच थापते बघा." तोवर पुढच्या पेशंटचे नाव पुकारलेले असते.

एक्स-रे आणि पेशंट यांचे एकमत असतेच असे नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली एडिंबरोची छोटी चाचणी पाहा. वय 75 च्या पुढचे रुग्ण, ओलेक्रॅनॉनचे सरकलेले फ्रॅक्चर; काहींचे ऑपरेशन केले, काहींचे नाही. ऑपरेशनच्या गटात इतकी गुंतागुंत झाली की चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि वर्षाअखेर दोन्ही गटांच्या 'डॅश' गुणांत फरक निघाला नाही. याच्या उलटही आपण सर्वांनी पाहिले आहे : फिल्मवर देखणी प्लेट आणि हात पोटाशी धरून बसलेला पेशंट. त्यात दुखणे असते, तशी 'प्लेट हलली तर?' ही भीतीही असते.

तेव्हा गुण पेशंटकडूनच भरून घ्यावेत, यात वाद नाही. अडते ते प्रश्नावलीत. क्विक-डॅशमध्ये 11 प्रश्न. घट्ट बरणी, सामानाची पिशवी, पाठ धुणे, सगळे ठीक. पण सुरीने जेवणातला पदार्थ कापणे आणि गोल्फ-टेनिससारखे खेळ, या दोन्हींपुढे खटाव तालुक्यातली आजी काय लिहिणार? ती जागा कोरी सोडते. एकाहून जास्त उत्तरे राहिली तर गुण काढता येत नाहीत, असा नियम आहे. मग घाईतला रेसिडेंट ती दोन उत्तरे स्वतःच्या मनाने भरून टाकतो.

याहून मोठी गफलत सूचनेत आहे. काम कोणत्या हाताने केले याला महत्त्व नाही, जमते का तेवढे सांगा, असे डॅश म्हणते. आपल्याकडे हात असे अदलाबदल करून भागत नाही. जेवायला उजवा, धुवायला डावा. उजवे कोपर 110 अंशांवर अडले की माणूस मान खाली घालून घास घेतो, किंवा घरात डाव्या हाताने चमचा धरतो आणि लग्नाच्या पंगतीला जायचे टाळतो. कागदावर मात्र जेवण 'जमते'. डावे कोपर अडले तर तो विषयच निघत नाही. समोर पुरुष डॉक्टर आणि पेशंट बाई असेल तर नाहीच नाही. दोन्ही कोपरे कायमची सांधायची वेळ आली तर एक तोंडासाठी 110 वर आणि दुसरे स्वच्छतेसाठी 65 वर ठेवावे, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. टेबलावर जे कळते ते फॉलो-अपला सुटते.

आपल्या फिजिओ सहकाऱ्यांना हे बहुधा आधीच ठाऊक असते, कारण व्यायाम करताना पेशंट बोलतो. त्यांची नोंद केसपेपरवर यावी. विचारायचे ते साधेच : जेवता कोणत्या हाताने, संडासला अडचण येते का, जमिनीवरून उठताना तळवा टेकून भार देता येतो का. आणि सर्वांत उपयोगी प्रश्न, तुमचे कोणते काम आता घरातले दुसरे कोणी करते? घरचे लोक हौसेने कामे उचलतात आणि पेशंटला आपण बरे झालो असेच वाटू लागते. सहा आठवडे, तीन महिने, वर्ष, दर वेळी हेच प्रश्न याच शब्दांत विचारावेत.

फक्त ही उत्तरे डॅशच्या गुणांत मिसळू नयेत. प्रश्न बदलले की ते गुण इतरांच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत. प्रश्नावली आहे तशी भरावी, कोरी जागा कोरीच ठेवावी, आणि त्याखाली पेशंटचे म्हणणे वेगळ्या ओळीत, त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे.