गोदामाईचे अदृश्य सेवेकरी

२०२७ हे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील पर्वस्नानांचे वर्ष. सिंहस्थ म्हटले की रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, वाहनतळ अशी कामांची लांबलचक यादी निघते, कोट्यवधींचे आकडे प्रसिद्ध होतात आणि कोणाच्या मतदारसंघात किती कामे आली याची चर्चा रंगते. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो. ज्या पाण्यात स्नान करण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून भाविक येणार, ते पाणी कसे असेल?

या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेने देता येते, तसे मोजूनही देता येते. स्नानायोग्य नदीसाठी आपल्याकडे निकष ठरलेले आहेत. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि त्यातील सेंद्रिय घाण कुजण्यासाठी लागणारा प्राणवायू, म्हणजे ज्याला ‘बीओडी’ म्हणतात तो, ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. आता शहराच्या गटारातील पाण्याकडे पाहू. त्याची बीओडी साधारणतः लिटरला २०० मिलिग्रॅमच्या घरात असते. उलट आपल्या हवामानात स्वच्छ नदीचे एक लिटर पाणी जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते. म्हणजे एक लिटर मैलापाणी पचवण्यासाठी पंचवीस लिटर नदीला आपला सगळा श्वास द्यावा लागतो. वाहत्या पाण्यात हवेतून प्राणवायू पुन्हा मिसळत असतो, हे खरे. पण त्याला वेळ लागतो आणि गटारे थांबत नाहीत. नदी स्वतःला शुद्ध करते, हे आपल्या पूर्वजांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यांच्या काळी हा हिशेब नदीच्या बाजूने होता. आज तो तिच्या विरोधात गेला आहे.

नदीत ही घाण पचवणारे असतात ते सूक्ष्म जिवाणू. मलशुद्धीकरण केंद्रात दुसरे काही घडत नाही. जे काम जिवाणू नदीत कित्येक मैलांच्या प्रवाहात करतात, तेच त्यांच्याकडून काही तासांत एका टाकीत करवून घेतले जाते. कचरा आणि वाळू वेगळी केलेले मैलापाणी टाकीत येते, तळातून हवेचे बुडबुडे सोडले जातात, जिवाणू घाण खातात, वाढतात आणि त्यांचे पुंजके बनतात. पुढच्या टाकीत हे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वरचे निवळलेले पाणी पुढे जाते. खरी खुबी यानंतर आहे. हा गाळ फेकून न देता त्याचा मोठा भाग पहिल्या टाकीत परत आणायचा, कारण तो गाळ म्हणजेच कामकऱ्यांची फौज. दह्यासाठी विरजण राखून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ते सांडपाण्याला लावून दाखवले. नुसती हवा देऊन पाणी पूर्ण शुद्ध व्हायला त्यांना सुमारे पाच आठवडे लागले होते. गाळ राखून ठेवत तेच काम त्यांनी एका दिवसावर आणले. या संशोधनामागे ज्यांचे मार्गदर्शन होते, ते गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. म्हणजे ही विद्या आपल्या दाराशी येऊन शंभरावर वर्षे लोटली आहेत. तंत्रज्ञान नव्हते, ही सबब आपल्याला नाही.

मग अडते कुठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली देशाचा ताळेबंद मांडला. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर पैशाअभावी आहे असे म्हणता येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील अंतराला काय म्हणायचे? केंद्रे बांधून तयार आहेत, कोनशिलांवर नावे कोरली गेली आहेत आणि तरीही तिसऱ्या हिश्शाहून अधिक क्षमता वापराविना पडून आहे. कुठे केंद्रापर्यंत गटारवाहिन्याच पोहोचलेल्या नाहीत, कुठे वीजबिल थकले आहे, तर कुठे यंत्र चालवणारा माणूस नाही.

पूल बांधून झाला की तो उभा राहतो. जिवाणूंचे तसे नाही. हवा पुरवणारी यंत्रे केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज खातात, आणि खर्चकपातीची कुऱ्हाड पडते ती नेमकी त्यांच्यावर. हवा काही तास बंद पडली की टाकीतील जिवाणू गुदमरू लागतात. एखाद्या कारखान्याने रात्री गुपचूप विषारी पाणी गटारात सोडले की सकाळी सारी फौज मेलेली असते आणि ती पुन्हा उभी करायला काही आठवडे जातात. फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांना यातले काही दिसत नाही.

नाशिकच्या तपोवन, आगरटाकळी येथील केंद्रे वेगळ्या पद्धतीची उभारली गेली. तेथे हवेविना जगणारे जिवाणू काम करतात, वीज थोडी लागते आणि मिथेन वायूही मिळतो. गरीब देशाला परवडणारी म्हणून ही पद्धत गंगेकाठी कानपूरलाही आणली गेली होती. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एकट्या तिच्या बळावर पाणी आजच्या निकषांपर्यंत पोहोचत नाही, पुढे हवा देणारा दुसरा टप्पा लागतो. या केंद्रांचे आधुनिकीकरण सिंहस्थाच्या निमित्ताने ऐरणीवर आले, ते योग्यच झाले.

काळजी आहे ती नंतरची. पर्वस्नाने येतात श्रावण-भाद्रपदात, नदी भरलेली असताना. पाऊस कमी असेल तर धरणातून पाणी सोडून वेळ मारून नेता येते. २०१५ च्या सिंहस्थात गंगापूर धरणातून असे पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चैत्र-वैशाखात ही सोय नसते. तेव्हा शहराच्या खाली गोदेच्या पात्रात जे वाहते, त्यात शहरातून आलेल्या पाण्याचाच वाटा मोठा असतो. तेच पाणी पुढे नांदूरमधमेश्वरला जाते, जे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. आणि त्याहून पुढे नाथांच्या पैठणला, जायकवाडीच्या जलाशयात, ज्यावर छत्रपती संभाजीनगर तहान भागवते. नाशिकमधील एका केंद्राचे वीजबिल थकणे ही केवळ नाशिकची बाब उरत नाही ती यामुळे.

गंगेच्या बाबतीत ‘नमामि गंगे’ने एक चांगला पायंडा पाडला. केंद्र बांधणाऱ्याला बांधकाम होताना ४० टक्के रक्कमच द्यायची, उरलेली ६० टक्के पुढील पंधरा वर्षांत, आणि तीही बाहेर पडणारे पाणी निकषांत बसत असेल तरच. ठेकेदाराचा नफा असा जिवाणूंच्या प्रकृतीशी बांधला गेला. गोदावरी, इंद्रायणी, पंचगंगा यांच्या काठच्या प्रत्येक पालिकेने हीच अट का घालू नये? आळंदीच्या घाटावर फेस तरंगताना वारकरी डोळ्यांनी पाहतात. तो कोठून येतो हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, हे धर्मशास्त्रांनी व्यक्तीला बजावले आहे. तोच नियम पालिकेला लावायचा कोणी?

हे काम शासनाचे, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. रामकुंडावर सिंहस्थाची माहिती देणारे फलक लागतील, तेथेच आणखी एक फलक लावण्याचा आग्रह नाशिककरांनी धरावा. आज केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याची बीओडी किती, नदीत प्राणवायू किती, काल वायुवीजन यंत्रे किती तास बंद होती, एवढेच त्यावर असावे. आखाडे परतल्यावर तो उतरवू नये, आणि २०२८ नंतरच्या प्रत्येक अंदाजपत्रकात या केंद्रांच्या विजेची आणि मनुष्यबळाची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली दाखवावी.