तंटा मिटला, पण संबंध जुळला काय?

वर्धा शहरास लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वाढत्या वस्तींत सामाईक भिंत, सांडपाण्याची नाली, उधारीचा हिशेब किंवा उत्सवाची वर्गणी ह्यांवरून कलह उद्भवल्यास नवल नाहीं. नवल ह्याचें कीं, दाव्याचा निकाल लागला म्हणजे कलह संपला, असें आपण समजतों. निकालानें हक्क ठरतो. परंतु ती नाली वाहती ठेवण्यास लागणारे दोन्ही शेजाऱ्यांचे हात निकालपत्रानें मिळत नाहींत.

ज्यांचा आश्रम पुढें सेवाग्रामास झाला, त्या गांधीजींच्या वकिलीचा आरंभ ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. १८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले, ते दादा अब्दुल्ला व तय्यबशेट ह्या व्यापाऱ्यांच्या दाव्यासाठीं. दोघे एकाच गांवचे व परस्परांचे आप्त. दावा लांबल्यास उभयतां बुडतील हें पाहून गांधीजींनीं लवाद नेमविला. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनें लागला. परंतु सुमारें ३७,००० पौंड एकदम भरावे लागते, तर तय्यबशेटांचें दिवाळें निघतें. तेव्हां गांधीजींनीं जिंकलेल्या अशिलासच विनवून लांब मुदतीचे हप्ते बांधून घेतले. पैसाही वसूल होणार आणि पेढीही वांचली! आमच्या व्यापारी बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्य सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम चालविली. हेतु स्तुत्य होता. परंतु मिटलेल्या तंट्यांच्या संख्येवर बक्षिसाची दृष्टि गेली, कीं कागद निकालांत निघतो व अढी तशीच राहते. उलट, गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा बहुमतावर न थांबतां सर्वसहमति होईपर्यंत विचार करते. वेळ लागतो खरा, पण पराभूत पक्ष मागें उरत नाहीं. २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविणारें गांव तें हेंच.

मात्र सबळाच्या दडपणास कोणीं समेट म्हणूं नये. अस्पृश्यतेचा जाच किंवा स्त्रीवरील अत्याचार हे चावडीवर मिटविण्याचे विषय नव्हेत. कायद्यानें आपसांत मिटवितां न येणारे गुन्हे लोकअदालतीच्याही अधिकाराबाहेर ठेविले आहेत, तें योग्यच होय.

आमची सूचना इतकीच कीं, समेटाच्या कागदावर कोणी काय व केव्हां करावयाचें तें स्पष्ट लिहावें, आणि तीन महिन्यांनीं उभय पक्षांनीं त्याच पंचांसमोर पुन्हां बसावें. तोंवर दोघांचा व्यवहार सुरू झाला असेल, तरच तंटा मिटला असें म्हणावें.