वही कोणाच्या हाती? डहाणू-तलासरीतून वाचलेला ईआरपीचा इतिहास

१/ उद्योगाचा सारा व्यवहार एकाच नोंदव्यवस्थेत आणणाऱ्या संगणकप्रणालीला ‘ईआरपी’ म्हणतात. तिचा इतिहास बहुधा एकाच साच्यात सांगितला जातो: आधी कागदांचा गोंधळ होता, मग संगणक आला आणि पारदर्शकता अवतरली. हा इतिहास अर्धा आहे. उरलेला अर्धा डहाणू आणि तलासरीत वाचावा लागतो.

२/ प्रथम प्रचलित अर्धा भाग. १९६४ साली जोसेफ ऑर्लिकी यांनी कारखान्यातील सामग्रीची गरज आधीच मोजणारी ‘एमआरपी’ ही पद्धत विकसित केली. किती यंत्रे बनवायची हे ठरले की कोणता सुटा भाग किती आणि केव्हा लागेल, हे संगणक सांगू लागला. १९८३ मध्ये ऑलिव्हर वाइट यांनी याच पद्धतीचा विस्तार करून तिला कारखान्याची क्षमता आणि आर्थिक नियोजन यांची जोड दिली.

३/ ‘ईआरपी’ हे नाव १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने दिले. आयबीएममधून बाहेर पडलेल्या ५ जणांनी १९७२ साली जर्मनीत सॅप ही कंपनी स्थापली होती. तिची ‘आर/३’ प्रणाली १९९२ मध्ये आली आणि मोठ्या कंपन्यांत जगभर पसरली.

४/ या प्रणालींचा व्यावसायिक लाभ खरा आहे. गोदामातून माल निघाला की साठा, बिल आणि खातेवही एकाच नोंदीने बदलतात. तोच आकडा चार विभागांत चारदा लिहावा लागत नाही, पडून राहिलेल्या मालात भांडवल अडकत नाही. वाद या लाभाविषयी नाही. नोंद ज्या माणसाविषयी आहे, त्याला ती वाचता येते का आणि चुकली तर तिला आव्हान देता येते का, याविषयी तो आहे.

५/ आता १९४० चे दशक. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि आजच्या तलासरीतील गावे उंबरगाव तालुक्यात मोडत. येथील वारली कुटुंबाचा सावकार आणि जमीनदार पुष्कळदा एकच असे. कसायला जमीन त्याची, पावसाळ्यात पोटाला खावटी त्याची, लग्नाला कर्ज त्याचे, आणि राबायचे तेही त्याच्याच शेतावर.

६/ व्यवस्थापनाच्या भाषेत ही ‘एकात्मिक’ व्यवस्थाच होती. जमीन, धान्य, कर्ज आणि श्रम यांचा हिशेब एका घरात, एका हाती एकवटला होता. सांधा तुटलेला होता तो एकाच ठिकाणी: केलेले श्रम कर्जाच्या खात्यात जमा होत नसत.

७/ ‘लग्नगडी’ ही प्रथा त्यातूनच उभी राहिली. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण बायकोसह मालकाकडे राबे. वर्षे उलटत, कर्ज मात्र फिटत नसे. कर्जदाराला अक्षरओळख नव्हती आणि वही मालकाच्या घरी होती. मालकाच्या दृष्टीने व्यवस्था अत्यंत कार्यक्षम होती. केवळ कार्यक्षमतेने नोंदव्यवस्थेचे मोल ठरवणाऱ्यांना या वहीत दोष काढता येणार नाही; त्यांच्या कसोटीचे अपुरेपण येथेच उघडे पडते.

८/ २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडण्याची हाक दिली. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. त्यातील मागणी होती: ५०० पौंड गवताला अडीच रुपये.

९/ या मागणीचे महत्त्व केवळ रकमेत नव्हते. तिने श्रमाला वजन आणि वजनाला दर दिला. जो हिशेब आजवर मालकाच्या मर्जीवर होता, तो आता तराजूपाशी उभा राहून कोणालाही पडताळता येणार होता. हिशेबाचे नियम ठरवण्याचा अधिकार मजूर मागत होता.

१०/ त्याची किंमत रक्ताने चुकवावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह ५ जण ठार झाले.

११/ वहीवरचा हा रोष महाराष्ट्राला नवा नव्हता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने कर्जदाराला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानेही सावकारावर हिशेब ठेवण्याचे आणि तो ऋणकोला देण्याचे बंधन घातले. नोंद दोन्ही बाजूंना दिसली पाहिजे, हे तत्त्व संगणकापूर्वीच कायद्यात आले होते.

१२/ यावर आक्षेप ठरलेला आहे: सावकाराची वही खोटी असू शकते, संगणकात प्रत्येक फेरफाराची खूण राहते. ब्रिटिश टपाल खात्याची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली याचे उत्तर देते. तिच्या सदोष आकड्यांवर विसंबून १९९९ पासूनच्या काळात ९०० हून अधिक उपटपालचालकांना दोषी ठरवले गेले. चूक यंत्रात होती. ती सिद्ध करण्याचे ओझे मात्र माणसांवर आले. खूण राहून काय उपयोग, ती पाहण्याचा अधिकार आरोपीला नसेल तर?

१३/ २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचा कारभारही अशाच मोठ्या प्रणालीवर उभा राहिला. हजेरीपट, मोजमाप आणि मजुरी त्यात जोडली गेली. हजेरीपट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येई आणि कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. वही उघडी करणारे ते कलम होते, ते आंदोलनांतून आणि कायद्यातून आले. कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीने ते भेट दिलेले नाही.

१४/ त्याच योजनेत १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. डोंगरातल्या पाड्यावर फोन अडला, छायाचित्र चढले नाही, तर दिवसभर उपसलेली माती हिशेबात येणार कशी? केलेले श्रम खात्यात जमा न होण्याची जुनीच तक्रार येथे नव्या रूपात उभी राहते.

१५/ म्हणून नोंदी जाळाव्यात, असा निष्कर्ष निघत नाही. नोंद नसल्याचे दुःख आदिवासींना ठाऊक आहे. कसलेल्या वनजमिनीचा कागद नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमक ठरवले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही पुरावा म्हणून मान्य केले. माणसाच्या शब्दाने सरकारी नोंद दुरुस्त होऊ शकते, हे तेथे कायद्याने स्वीकारले.

१६/ डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात; ग्रामसभेचे अधिकार येथे विशेष आहेत. कारखाना असो वा सरकारी योजना, येथे नवी प्रणाली बसवणाऱ्यांना विचारावे: मजुराला त्याची नोंद त्याच्या भाषेत मिळेल का? चूक कोणाकडे आणि किती दिवसांत दुरुस्त होईल? प्रणाली बंद पडली तर त्या दिवसाची मजुरी कोण देईल? यांची उत्तरे नसलेली प्रणाली कितीही आधुनिक असो, झरीच्या परिषदेने नाकारलेल्या वहीपासून ती फार दूर गेलेली नाही.