माईक बोलणाऱ्यापर्यंत न्या

गावात केलेला व्हिडिओ ऐकला की घरात कोणाचं म्हणणं नोंदलं गेलं आणि कोणाचं राहून गेलं, हे लगेच कळतं. मोबाइलसमोर उभा असलेला कारभारी स्पष्ट ऐकू येतो. चार हात मागे उंबऱ्याशी उभी असलेली त्याची बायको बियाणं राखेत का ठेवायचं ते सांगत असते आणि तिचा शब्दही कळत नाही. पारनेर तालुक्यात मी बचत गटांचे आणि शेतकऱ्यांचे व्हिडिओ करते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. महागडा मोबाइल, ड्रोन, मोबाइल न हलू देणारा गिंबल हे सगळं नंतर. पहिला पैसा माईकवर खर्च करा आणि तो माईक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ न्या.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, चौपट झालं की बारा डेसिबलने. वारा, विहिरीवरची मोटार, रस्त्यावरचा ट्रॅक्टर यांचा आवाज मात्र तेवढाच राहतो. मग एडिटिंग करताना बोलणं मोठं करायला जावं, तर त्यासोबत वाराही मोठा होतो. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहाव्यात इतका आमच्याकडे वारा. इथे कॅमेऱ्यावर बसवलेला माईक कितीही भारी असला तरी तो कॅमेऱ्याइतक्याच अंतरावर असतो, हे विसरून चालत नाही.

माळरानावर चांगला आवाज मिळतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी ‘ख्वाडा’ची आठवण करून देते. श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी धनगर कुटुंबावर केलेला हा चित्रपट. 62 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, 2015 साली, प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार महावीर सब्बनवाल यांना याच चित्रपटासाठी मिळाला. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या माणसांचं बोलणं जागेवरच टिपलेलं आणि त्याला देशातला सर्वोच्च मान. आमच्या जिल्ह्याला यातून शिकता येण्यासारखं खूप आहे.

सुरुवातीला वायरचा साधा कॉलर माईक पुरतो. हजार रुपयांच्या आसपास, वीस फूट वायरचा मिळतो. घेताना पिन बघा. मोबाइलच्या गोल पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. चुकीची पिन बसते, पण आवाज येत नाही. काही माईकना मोबाइल-कॅमेरा असं बटण असतं आणि आत बटणासारखा सेल असतो. तो सेल जादा जवळ ठेवावा. बिनवायरचे माईक सोयीचे खरे, पण त्यांतले बरेचसे वायफायच्याच लहरींवर चालतात आणि मधे माणसाचं अंग आलं की त्या लहरी अडतात. म्हणून बोलणारी व्यक्ती पाठमोरी चालत गेली की आवाज तुटतो. लांबट गन माईक शेतात, डोक्यावरून जवळ धरला तर उत्तम. पत्र्याच्या खोलीत मात्र तो घुमणारा आवाज गोळा करतो.

कॉलर माईक हनुवटीखाली एका वितीवर लावावा. पण बाईला तो लावायचा कुठे, हे कोणी शिकवत नाही. पदराला लावला तर हात हलला की घासतो. मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात. म्हणून तो तिच्या हातात द्यावा, ब्लाऊजच्या गळ्याशी जरा बाजूला तिचा तिला लावू द्यावा, वायर पदराखालून घ्यावी. बाहेर असाल तर स्पंजच्या टोपीवर केसाळ टोपी चढवा. घरात पंखा बंद करा. आणि कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंगचं बटण दाबू नका. खरखर कानावर आली की काम थांबवून पुन्हा विचारता येतं. घरी गेल्यावर ते शक्य नसतं.

लोक म्हणतात, व्हिडिओत चित्र महत्त्वाचं, खाली अक्षरं टाकली की झालं. मला हे पटत नाही. धार काढताना, खुरपताना मोबाइल बाजूला ठेवून बाया फक्त ऐकत असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अक्षरांचा उपयोग नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाण्यांची बँक त्यांनी उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असं ज्ञान कागदावर नसतं, बोलण्यात असतं. पेरणी कधी, बी किती खोल, कोणता वाल कोणत्या रानात, हे ऐकूच आलं नाही तर सुंदर चित्रातून काय शिकणार?

म्हणून माझी मागणी आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रांनी बचत गटांना वापरायला देण्यासाठी माईकचे संच ठेवावेत आणि ते कसे लावायचे याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. ड्रोनच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. ग्रामसभेचं चित्रीकरण करणाऱ्या ग्रामपंचायतींनीही सरपंचांच्या टेबलावरच्या एकाच माईकवर भागवू नये. तसं केलं की उत्तर नोंदलं जातं, प्रश्न राहून जातो. प्रश्न विचारणाऱ्यांत फिरवायला दुसरा माईक ठेवावा, आणि तो मागच्या रांगेतल्या बायांकडे सगळ्यात आधी जावा.