अवघड परभाषेची निवड

जेऊरसारख्या ग्रामीण परिसरातील विद्यार्थ्याने महाविद्यालयात रशियन, जर्मन वा चिनी भाषा निवडू पाहिली, तर गुण घटतील या भयाने त्याला परावृत्त केले जाण्याचा संभव असतो. साहित्याभ्यासाच्या दृष्टीने हे हानिकारक आहे. मराठीत आलेले युरोपीय साहित्य बव्हंशी इंग्रजीच्या आधारे आले. परिणामी अनुवाद मूळ संहितेशी ताडून पाहण्याचे सामर्थ्य आपल्या तौलनिक अभ्यासात क्षीण राहिले.

याच जिल्ह्यात, सोलापुरात, १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि चिनी भाषा आत्मसात करून तेथे रुग्णसेवा व अध्यापन करू लागले. त्यांना ती भाषा कर्तव्याच्या निकडीतून साध्य झाली. साहित्याच्या अभ्यासकाची निकडही खरीच आहे. म्हणून विद्यापीठांनी अशा भाषेच्या पहिल्या वर्षी केवळ उत्तीर्णता पाहावी. तिचे गुण श्रेणीसाठी धरू नयेत.